बंगल्याचा दरवाजा

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. सानगडीला ताराचंदच्या घराला मी आहे. माझ्या फळ्यांवर कुऱ्हाडीचे घाव आहेत. मित्रांनो, ते कसे पडले ते ऐका.

नागझिऱ्याच्या रानातल्या सागापासून मला घडवलं आणि साकोलीजवळ हमरस्त्याकडेच्या सरकारी बंगल्याला बसवलं. पितळी कडी होती, दर दिवाळीला तेलपाणी व्हायचं. छातीवर पत्र्याची पाटी होती, इंग्रजी अक्षरांत ‘बंगलो’. येणारे साहेब माझ्यावर हात फिरवून म्हणायचे, काय लाकूड आहे! पुढे साहेब यायचे थांबले. रस्ता रुंद झाला तेव्हा बंगला पाडला आणि मी मलब्यात वाळवीच्या तोंडी पडलो. पाडकामावर आलेल्या ताराचंदनं मला मागून घेतलं आणि ट्रॉलीत घालून घरी आणलं.

घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं म्हणजे कौलांचं छप्पर. त्याच्या बायकोनं, रुखमिणीनं, मला जवसाचं तेल चोळलं. लेक रीना साकोलीला कॉलेजात शिकत होती. तिनं पाटी काढू दिली नाही, उलट घासून लख्ख केली.

समोर भोजराजचं नवं दुमजली घर होतं. एके दिवशी त्यानं पानठेल्यावरूनच हाक दिली, “काहून बे ताराचंद, या खोपडीले बंगला म्हनतेस? मंग माया घराले काय म्हनशीन?”

उत्तर रीनानं दिलं. “काका, हा शब्द इंग्रजाइचा नाही, इथलाच होय. बंगला म्हनजे बंगालातलं घर. गवतानं शाकारलेलं, बसकं, एका मजल्याचं. इंग्रज तिकडं आले, तसलीच घरं बांधून राहिले अन् शब्द आपल्या भाषेत घेऊन गेले. मुळातला बंगला आमच्यासारखाच होता. तुमचा त माडीचा आहे!”

पानठेल्यावरची माणसं खो-खो हसली. भोजराज हसला नाही.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तो दारू पिऊन आला. हातात कुऱ्हाड, सोबत दोन माणसं. आधी त्यानं पाटी उपटून पायाखाली चेंदली. ताराचंद उष्ट्या हातानं बाहेर आला, तोच त्याच्या कानावर काठी बसली. तो पडला. पडलेल्यावर लाथा पडू लागल्या. रुखमिणीनं त्याला बखोटीला धरून फरफटत आत ओढलं आणि मला अडसर घातला.

मग कुऱ्हाड माझ्यावर आली. एकेका घावासरशी माझे ढलपे उडत होते. आतून रीना पाठ लावून मला रेटत उभी होती. एक घाव फळीच्या पार गेला आणि तिचा खांदा फाडून गेला. ती किंचाळली, पण हलली नाही.

गल्लीत माणसं होती, मित्रांनो. पण मी दरवाजा आहे, दरवाजांचे आवाज मला कळतात. खट, खट, खट. एकामागून एक कड्या लागत गेल्या.

एकच दार उघडलं, ते भोजराजचं. त्याची म्हातारी आई पार्वताबाई अनवाणी धावत आली आणि मला पाठ लावून उभी राहिली.

“आत पोरगी आहे रे! चालोतेस त मायावर चालव.”

“बाजूले हो, माय!”

“नाही होत.”

उगारलेली कुऱ्हाड त्यानं आवरली नाही. म्हातारीनं हात आडवा धरला. घाव त्या हातावर बसला आणि माझा उंबरठा तिच्या रक्तानं भिजला.

भोजराजच्या हातून कुऱ्हाड गळाली. सोबतचे दोघे पळाले. तेव्हा कुठे गल्लीतली दारं उघडली. शेजारच्या टिकारामनं दोघातिघांना घेऊन भोजराजला जमिनीवर दाबून धरलं. रुखमिणीनं अडसर काढला आणि आपला पदर फाडून पार्वताबाईचा हात आवळून बांधला.

पार्वताबाईचा हात वाचला, बोटं मात्र वळत नाहीत. ताराचंदला त्या कानानं ऐकू येत नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हातारी सरळ बोलली, “कुऱ्हाड माया पोराच्या हातात होती. मीच जन्म देल्ला त्याले.” भोजराज तुरुंगात गेला.

दवाखान्यातून ती परत आली तेव्हा सुनेनं तिला दारातच अडवलं. “नवऱ्याले आत टाकलं माया, अन् आता कायले आली?” दार आपटलं. म्हातारी गाठोडं घेऊन रस्त्यावर बसली.

रुखमिणी माझ्या फटीतून पाहत होती. आत तिचा नवरा एका कानानं बहिरा होऊन बसला होता, पोरीचा खांदा अजून भरला नव्हता. कडीवर तिचा हात बराच वेळ नुसता राहिला. मग तिनं मला उघडलं.

“मावशी, आत या.”

“कोन्या तोंडानं येऊ वो?”

“ज्या तोंडानं जेवता, त्याच तोंडानं या. भात निवून राहिला.”

पार्वताबाई आता इथंच राहते.

मित्रांनो, आम्हा दरवाजांना तेलपाणी करत जा, वाळवीपासून जपा. पण शेजारी कोणी ओरडलं, तर आमची कडी लावू नका. माझ्यावर कुऱ्हाड पडत होती तेव्हा रीनाची पाठ मला टेकलेली होती. घावांनी ती थरथरली नाही. थरथरली ती गल्लीत कड्या लागल्या तेव्हा.