माही आन हाय तुले

गावातल्या बाया मले म्हणतात, संगीता, तुह्यामुळं शाळा चालू झाली. कौतुकानंच म्हणतात, पण मले तोंड लपवावं वाटते.

आमच्या हायस्कुलात माही वैष्णवी दहावीले हाय. गणिताचे सर दिवाळीत बदलून गेले, दुसरं कोणी आलंच नाही. पोरापोरीईनं अर्ज देऊन पाह्यले, मंग गेटले कुलूप ठोकून बाहेर ठिय्या मांडला. म्होरकी कोण, तं आमची बाईसाहेब. हेडमास्तरानं मले फोन केला. बोलणं गोड, पण मधातच पोलिसाईचं नाव घेतलं.

वावरातून तशीच गेली. समजावलं, रागावलं, पोरगी हालेना. मंग साऱ्याईसमोर तिचा हात माह्या डोक्यावर ठेवला अन् म्हटलं, "माही आन हाय तुले, ऊठ."

आमच्याकडं कोणाची आन मोडली तं तो मरते म्हणतात. मायची आन कोण मोडन? वैष्णवी उठली, कोणाकडं न पाहता गेटचं कुलूप काढून आत गेली. तिच्यामागं एकएक करत सारेच उठले. हेडमास्तरानं मले चहा पाजला, अन् म्या निर्लज्जीनं तो पेला.

सर अजून आले नाहीत. पोरगी शाळेत जाते, भांडे घासते, सांगतलं ते सारं करते, फक्त बोलत नाही. वर्गात तिच्याजवळ कोणी बसत नाही म्हणे. हे माह्यामुळं झालं, दुसऱ्या कोणाले दोष देऊ?

आन ज्यानं घातली त्यानंच सोडा लागते. काल भाकरी थापता थापता म्या म्हटलं, "सुटली वं माय, माही आन सुटली. चुकलं माहं."

वैष्णवीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "तुही सुटली, आई. पण म्या त्या साऱ्याईले माही आन घातली होती, सर येतपर्यंत कोणी उठाचं नाही म्हणून. ते सारे उठले."

मी मरू नये म्हणून ती उठली होती, अन् तिच्या जिवाची आन म्या अख्ख्या वर्गाकडून मोडवली. थापेल भाकर तशीच टाकून तिचे हात धरले, म्हटलं, बाई, तू बी सोड तुही आन, आत्ताच्या आत्ता म्हण सुटली.

तिनं हात सोडवून घेतले.

"काहून? सर आले काय?"