रिकामी बाजू

"आजोबा, नीट आठवून सांगा. हॉटेल रस्त्याच्या कुठल्या बाजूला होतं?"

कारकून बाईंनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तेव्हा सावकाशला रागच आला. सत्तावीस वर्षे त्या रस्त्यावर मालट्रक हाकलेल्या माणसाला आठवून सांगा म्हणजे काय? त्या रस्त्याचा एकेक खड्डा अजून त्याच्या कमरेत होता. पण हॉटेलवाल्या वहिनींनी निघताना बजावले होते, की विचारतील तेवढेच बोला आणि डोके थंड ठेवा. म्हणून तो खुर्चीत सरसावून बसला, घसा साफ केला आणि शाळेतल्या पोरासारखे उत्तर दिले.

"रिकाम्या बाजूला."

सावकाश हे काही त्याचे खरे नाव नव्हे. बाकीचे ड्रायव्हर साठने जात तिथे हा काटा चाळिसाच्या पुढे जाऊ देत नसे, म्हणून जोडीदारांनी रस्त्याकडेच्या पाटीवरचा शब्द उचलून त्याला चिकटवला. तो इतका घट्ट बसला की घरची सूनसुद्धा फोनवर "सावकाश आहेत का?" असे कोणी विचारले तर "आहेत, जेवताहेत" म्हणून बिनदिक्कत सांगून टाकी.

आता तो जुना रस्ता रुंद करून नव्या महामार्गाला जोडायचा होता. कडेची दुकाने उठणार होती. जी तीस वर्षांहून जुनी असतील त्यांना महामार्गाच्या थांब्यावर गाळा मिळणार होता, बाकीच्यांना काही नाही. वहिनींचे हॉटेल चाळीस वर्षांचे. पण परवाना त्यांच्या नवऱ्याच्या नावाचा, नवरा केव्हाच गेलेला, आणि परवान्याचा कागद गळक्या पत्र्याखाली पेटीत भिजून लगदा झालेला. तेव्हा साक्षीदार आणा, असे कचेरीने सांगितले. म्हाताऱ्या ड्रायव्हरांपैकी ठावठिकाणा माहीत असलेले तिघेच होते. त्यातला एक आदल्या वर्षी गेला. दुसरा रेडिओ, अखंड बोलायचा म्हणून ते नाव, त्याची जीभच अर्धांगाच्या झटक्याने लुळी पडली. उरला सावकाश.

त्या रस्त्यावर माल एकाच दिशेने जाई. बंदरात भरायचा, डोंगर चढून वरच्या शहरात उतरवायचा आणि मोकळी गाडी घेऊन परत यायचे. त्यामुळे ड्रायव्हरांच्या बोलण्यात डावे-उजवे कधी आलेच नाही. जाताना जी कड लागे ती भरली बाजू, येताना लागे ती रिकामी बाजू. भरल्या बाजूची हॉटेले घाईची. तिथे चहा उभ्याने घ्यायचा, एक डोळा मालावरच्या दोरखंडावर ठेवून. जीव रमायचा तो रिकाम्या बाजूला. तिथे मुक्याचे हॉटेल होते. त्याचा मालक चांगला बोलता होता, पण ऐकलेले कुठे बोलत नसे, म्हणून अर्ध्या रस्त्याची गुपिते त्याच्याकडे जमा. एक बंद घड्याळाचे हॉटेल होते. आणि सगळ्यांत शेवटी, बंदर दोन तासांवर राहिले की, वहिनींचे. त्याला सगळे आरशाचे हॉटेल म्हणत. दाराच्या खांबाला वहिनींच्या नवऱ्याने हातभर आरसा ठोकला होता. चार-पाच दिवसांची दाढी तिथे उतरवायची, तोंड धुवायचे आणि मग माणसासारखे घरी जायचे.

बायको गेल्याचा निरोप सावकाशला त्याच आरशासमोर मिळाला होता. अर्धी दाढी झाली होती. वस्तरा त्याने तसाच खाली ठेवला. तेव्हा वहिनींच्या नवऱ्याने त्याला बाकावर बसवले आणि दुसऱ्या गालाची दाढी करून दिली. वहिनी शेजारी गरम पाण्याचे भांडे धरून उभ्या होत्या. त्या दोघांसाठी सावकाशने काय वाटेल ते केले असते. पण करण्यासारखे आयुष्यात काही आलेच नव्हते, ते आज आले होते.

कारकून बाई टंकता टंकता थांबल्या आणि त्यांनी नकाशावर आजचे हॉटेल असलेल्या पूर्वेच्या कडेवर बोट ठेवले. "म्हणजे ती बाजू रिकामी होती?"

"रिकामीच. पहिल्यापासून."

"आणि समोरची?"

"समोरची भरली."

बाई तरुण होत्या आणि स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी त्याला पाणी दिले, जबाब हळूहळू, शब्द न शब्द वाचून दाखवला. साक्षीदार सदर हॉटेलात नेहमी चहा घेत असे. त्या काळी रस्त्याची पूर्वेची बाजू रिकामी होती व पश्चिमेची बाजू भरलेली होती. ऐकताना सावकाशची मान आपोआप डोलू लागली. सरकारी कागदात आपली भाषा इतकी नेमकी उतरलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

"बरोबर," तो म्हणाला आणि मोठी ऐसपैस सही केली.

तिथून तो थेट हॉटेलात गेला. वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दाट चहा केला, स्वतःही घेतला, आणि नव्या गाळ्यात आरसा कुठे लावायचा यावर दोघांची चांगली अर्धा तास हुज्जत झाली. वहिनींना तो आत हवा होता. सावकाशचे म्हणणे, आरसा बाहेरच पाहिजे, नाहीतर कोणाला कळणार कुठले हॉटेल ते.

दीड महिन्याने वहिनी त्याच्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हॉटेलच्या टेबलामागे उभ्या असत तेव्हा त्या चांगल्या उंच वाटत. दारात उभी होती ती एक ठेंगणी, थकलेली बाई, हातात पत्र घेतलेली. सुनेने पत्र वाचले. साक्षीदाराच्याच सांगण्यावरून त्या काळी पूर्वेच्या बाजूला काही नव्हते, वस्ती समोरच्या बाजूला होती. त्या अर्थी हॉटेल तेव्हा समोर असावे आणि आजची इमारत नंतरची. अर्ज नामंजूर.

सावकाशला आधी काही उमगेना. त्याने सुनेला ते वाक्य परत वाचायला सांगितले. मग त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"मी भांडायला नाही आले, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही असं का बोललात, तेवढंच विचारायला आले."

त्याने सांगितले. बाई काय म्हणाल्या, आपण काय म्हणालो, सगळे. वहिनी ऐकत राहिल्या आणि एकदम हसल्या. त्यासुद्धा चाळीस वर्षे रिकामी बाजूच म्हणत आल्या होत्या, त्यांना तरी त्यात वावगे काय दिसणार? हसता हसता त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला, आणि सून पाणी आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघे कचेरीत गेले. बाईंना सारे समजले. त्यांचा चेहराच उतरला. सावकाशने हेही सांगून पाहिले, की भरली गाडी घेऊन दाढीला कोण थांबतो, हॉटेल त्या बाजूला असणार तरी कसे? बाईंना ते पटले, पण पटलेले लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. त्या म्हणाल्या, "मी तुमचेच शब्द लिहिले हो, आजोबा." वाचून ऐकल्यावर सही झाली होती, आता तोच साक्षीदार जबाब फिरवू शकत नव्हता. मात्र त्या शब्दाचा हाच अर्थ होता, असे त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने स्वतःच्या तोंडाने सांगितले, तर फेरविचार होईल. मुदत आठ दिवस.

पहिल्यांदा तो रेडिओकडे गेला. रेडिओच्या बायकोने त्याला उशांना टेकवून बसवले. सावकाशने विचारले, आपण रिकामी बाजू कशाला म्हणायचो, सांग बघू. रेडिओचे डोळे लखलखले. त्याला सगळे आठवत होते, ते दिसतच होते. त्याने तोंड उघडले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि आतून नुसता "भ, भ" एवढाच आवाज आला. उजवा हातही गेलेला, लिहिणार कशाने? बायको म्हणाली, पुरे करा आता, त्यांना त्रास होतोय. ज्याच्या बडबडीला कंटाळून माणसे टेबल बदलत, त्याच्याकडून एक वाक्य मिळवण्यासाठी सावकाश तासभर ताटकळला आणि मग उठला.

तीन दिवस तो जुन्या जोडीदारांचे पत्ते शोधत फिरला. कुठे घराला कुलूप होते, कुठे भिंतीवर फोटो. शेवटी तो नव्या महामार्गाच्या थांब्यावर जाऊन बसला. तिथे ट्रकवाले पुष्कळ, सगळे काचेच्या आत, कागदी पेल्यातून चहा पिणारे. त्याने एकेकाला गाठून विचारले, रिकामी बाजू म्हणजे काय ठाऊक आहे का? कोणाला ठाऊक नव्हते. एकाने समजावून सांगितले, की काका, आता गाडी दोन्हीकडून भरूनच येते, रिकामी आणली तर कंपनी घरी बसवील. दुसरा फारच मायाळू निघाला. काय बोलायचं ते शिकवा, मी येऊन बोलतो, म्हणाला. क्षणभर सावकाशला मोह झाला. त्याने वय विचारले.

"सव्वीस."

सावकाशने त्याच्या पाठीवर थोपटले आणि तो बसची वाट बघायला लागला. तेव्हा त्याला कळून चुकले, की तो शब्द बोलणारी आता आपण आणि वहिनी अशी दोनच माणसे उरली आहेत आणि दोघांचीही साक्ष चालणार नाही. इतके एकटे त्याला बायको गेली तेव्हाही वाटले नव्हते.

आठ दिवस संपले. पुढच्या महिन्यात पाडकामाचे यंत्र आले. सावकाश पहिल्या बसने पोचला, तोवर वहिनींनी पेले खोक्यात भरले होते आणि आरसा काढून झाडाला टेकवला होता. भाचीने एक खोली देऊ केली होती, तिथे त्या जाणार होत्या. शेवटचा चहा दोघांनी रस्त्यापलीकडे उभ्याने घेतला. पत्रे उतरायला वेळ लागला, भिंतींना नाही. धूळ बसली तेव्हा पलीकडचे माळरान दिसू लागले, जे सावकाशने तिथून कधी पाहिले नव्हते.

कारकून बाई कागद घेऊन आल्या. पंच म्हणून कोणाची तरी सही हवी होती. त्या यंत्रवाल्याकडे वळल्या, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजींचीच घ्या. परकं कोणी नको."

"आधी वाचा," सावकाश म्हणाला.

बाईंनी वाचले. हॉटेलचे बांधकाम आज हटवण्यात आले असून रस्त्याची पूर्वेची बाजू रिकामी आहे.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचले, या वेळी हळू. सावकाशने पलीकडे बघून घेतले.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

कागदाखाली धरायला काही नव्हते. वहिनींनी आरसा उचलून पालथा धरला, आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून त्याने सही केली.