आत्या लोकांत जाते

आत्या निवडणूक हरली. डिपॉझिटसुद्धा जप्त झालं. पण तसं काही घडलेलंच नाही असं आपण धरून चालू. अजून प्रचार सुरू आहे आणि आत्या निवडून येणार आहे.

आत्याचा मूळ धंदा शर्टाच्या बटणांचा. चार भोकांचं बटण काढावं तर तिच्याच कारखान्याने. एका समारंभात परराष्ट्रमंत्र्यांच्या कोटाचं बटण तुटलं, ते तिने पर्समधल्या सुईदोऱ्याने उभ्या उभ्या लावून दिलं, आणि पुढच्या महिन्यात ती राजदूत झाली. यात माझ्या पदरचं काही नाही. बारा वर्षं ती परदेशात रोज वीस माणसांच्या पंगतीला बसली. त्यातलं एकही तिला नावाने हाक मारणारं नव्हतं.

परत आल्यावर म्हणाली, "आता लोकांत जायचंय रे." कुणीतरी दार उघडून 'या, बसा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून ती निवडणुकीला उभी राहिली.

पण वकिलातीत आधी कळवल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. आत्याने मतदारसंघातल्या चार हजार घरांना भेटीची वेळ मागणारी पत्रं धाडली आणि लॉन्ड्रीवरच्या भाड्याच्या खोलीत उत्तरांची वाट बघत बसली.

"आत्या, प्रचारात सरळ दार वाजवायचं असतं."

"न बोलावता? काहीतरीच तुझं!"

"अगं, समोरचा उमेदवार लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून झाकणं उघडून बघतोय."

"त्याला वळण नाही."

तीन आठवड्यांत एकच उत्तर आलं. आत्याने चष्मा पुसला, ताठ बसून पाकीट उघडलं. 'टाकी धुणार असल्याने गुरुवारी पाणी येणार नाही.' तिने पाणीखात्यालाही आभाराचं पत्र लिहिलं.

"ताई, निदान आमच्याकडे तरी यायचंस," बाबा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, म्हणाले.

"तुझंही उत्तर आलं नाही."

तिचं पत्र बाबांनी जाहिरात समजून खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत कोंबलं होतं.

मतमोजणीत अकरा मतं निघाली. त्यातून आत्याने आमच्या घरची तीन वजा केली, स्वतःचं एक वजा केलं, आणि निवडणूक कार्यालयाला तीन प्रतींत अर्ज लिहिला:

'महोदय, उर्वरित सात मतदार अर्जदाराच्या नात्यातले वा ओळखीतले नाहीत. मतदान गुप्त असते याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरी सदर सात जणांची नावे व पत्ते कळवावेत, आणि पूर्वसूचना न देता, चहाच्या सुमारास, त्यांचे दार वाजवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'