शोकेसमधला कलमाचा चाकू

मी चाकू बोलतोय. भाजीचा नव्हे, त्या घराण्यात माझ्या ओळखीचं कुणी नाही. मी कलमाचा चाकू. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चिरायची, संत्र्याच्या फांदीवरचा डोळा अलगद काढायचा आणि त्या चिरेत बसवायचा, एवढ्या एका कामासाठी माझा जन्म झाला. बसवलेला डोळा फुटला की त्याचं झाड होतं आणि ते पिढीभर फळं देतं. कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटलं होतं, आपण निम्मं वऱ्हाड हिरवं करणार!

अकोल्याच्या एका कृषी मेळाव्यात कलमं बांधायची स्पर्धा होती. ती अमरावतीकडच्या पुंजाजींनी जिंकली आणि बक्षीस म्हणून मी त्यांच्या हातात पडलो. बसमध्ये घरापर्यंत त्यांनी माझी डबी मांडीवरून खाली ठेवली नाही. इतका मान आयुष्यात पुन्हा मिळाला नाही, आणि त्या मानानेच माझा घात केला.

"आता या चाकूनं कलमा बांधसान नं?" त्यांच्या बायकोने, बेबीताईंनी विचारलं.

"येडी हाये काय? बक्षिसाचा हाये तो. चिकानं काळा कराचा काय त्याले?"

झालं. शोकेसमध्ये एक चिनी मातीची बाहुली आणि बंद पडलेलं घड्याळ होतं, त्यांच्या मधोमध मला बसवलं. पाहुणे आले की मला दाखवायचे, आणि काच लावून घ्यायचे.

कामावर जायचा तो दुसराच. तुटक्या आरीच्या पात्याचा, मुठीला सुतळी गुंडाळलेला, दिसायला अगदीच दरिद्री. संध्याकाळी पुंजाजी त्याला खिडकीत ठेवत. त्याच्या अंगाला संत्र्याच्या सालीचा वास असे. मी त्याचा फार हेवा केला, हे कबूल करतो.

खांडेनवमीला मात्र मी बाहेर यायचो. घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर माझीही पूजा व्हायची, पात्यावर ओलं हळदकुंकू लागायचं. बाकीची हत्यारं दसऱ्यानंतर कामाला लागत आणि त्यांचं कुंकू घासून जाई. माझं तसंच राही, पात्यावर ओलंच. त्या ठिपक्याखाली मला गंज चढला. पूजेने गंजलेला चाकू माझ्याशिवाय दुसरा कुणी असेल असं वाटत नाही.

पुंजाजींनी आपली कलाही अशीच जपली. कुणी शिकायला आलं तर "हात कापून घेसान" म्हणून वाटेला लावत. बघता बघता तो आरीचा चाकू झिजून संपला आणि पुंजाजींचे हात थरथरू लागले.

दोन वर्षांपूर्वी विहिरीजवळच्या जुन्या झाडाला डिंक्या रोग लागला आणि ते वाळत चाललं. पुंजाजींच्या वडिलांनी लावलेलं झाड ते. गावातल्या कितीतरी बागांना त्याचेच डोळे गेले होते. आता एकच फांदी हिरवी उरली होती. सून ज्योत्स्ना ती फांदी घेऊन ओसरीवर आली.

"मामाजी, याचे डोळे जंबेरीवर भरून घ्या नं. नाई तं झाडासंगं वाणच जाईन."

"हात थरथरून राहिले, बाई. आता होत नाई."

"मंग मले शिकवा." आणि तिने सरळ शोकेस उघडली.

"तो नको! बक्षिसाचा हाये!"

ज्योत्स्ना थांबली. मग हळूच म्हणाली, "मामाजी, तुमाले हे बक्षीस कायले देल्लं होतं? ठेवाले?"

पुंजाजींनीच धारेचा दगड मागवला, पाणी शिंपडलं आणि मला घासायला घेतलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला धार लावत होतं. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

"डोळा उलटा धरला तू. काडीवर जसा होता तसाच बसव... हां, आता पट्टी बांध," पुंजाजी बाजूला बसून तिला सांगत गेले.

ज्योत्स्नाने जंबेरीच्या रोपांवर अकरा डोळे बसवले. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा नऊ काळे पडले होते. ज्योत्स्नाने स्वतःच्या हाताला दोष दिला. तिला कसं सांगू, की हात तिचा ठीक होता. गंजाने खाल्लेल्या माझ्या धारेने साल फाडली होती. दोन मात्र हिरवे राहिले. त्यांची रोपं विहिरीजवळ जुन्या झाडाच्या जागी लागली आणि पुंजाजी रोज त्यांच्याजवळ खाट टाकून बसू लागले. "आधीच शिकवाले पायजे होतं तुले," असं ते तिला एकदा म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात पुंजाजी गेले. मुलाने, मनोजने, त्यांचा फोटो शोकेसमध्ये ठेवला आणि फोटोपुढे मला. "बाबाची आठवण हाये, कोणी हात लावू नका," असं बजावून त्याने कुलूप घातलं.

आता बाहेर हिवाळा आहे. जंबेरीची साल सुटायला लागली असेल, म्हणजे कलमांचे दिवस आले. त्या आरीच्या तुकड्याच्या मागे बागाच्या बागा आहेत, माझ्यामागे दोन रोपं. तेवढ्यावर मला संपायचं नाही. इथे फार एकटं वाटतं.

ज्योत्स्ना, तू रोज काच पुसतेस आणि माझ्यासमोर तुझा हात थांबतो, ते मला दिसतं. कुलपाची किल्ली तुझ्याच कमरेला आहे. पुढच्या खांडेनवमीला मला कुंकू लावलं नाहीस तरी चालेल. आज मला एक फांदी दे.