छताचं पोट

सुनेच्या माडीवरच्या नव्या स्वयंपाकघरात शेवटचं कपाट राहिलं होतं, तेही उतरत्या छताखालचं. त्याची फळी एकच उरली होती. ती चुकीची कापली तर दुसरी यायला महिना, आणि तोवर पोरीचा संसार खोक्यांत.

मिस्त्रीने दोन टोकांची मापं घेतली, सरळ रेघ मारली आणि करवत उचलली.

"थांबा," मी म्हटलं. "आधी कागदावर बेतू."

"आजी, हे कपाट आहे, ब्लाउज नव्हे."

"चाळीस वर्षं ब्लाउजच बेतलेत मी. टोकं सगळ्यांचीच जुळतात, घोळ मध्ये असतो."

मी भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं, छताच्या कडेने नखाने घडी घातली, कापलं आणि फळीवर ठेवलं. छताचं पोट मधोमध बोटभर वर, खपाटीला गेलेलं. मिस्त्रीची रेघ तेवढीच खाली होती; तिच्यावर कापली असती तर वर फट राहिली असती.

त्याने रेघ पुसली आणि कागदाबरहुकूम फळी कापली. कपाट एका दमात बसलं.

सुनेने दार दोनदा उघडून पाहिलं. "आई, डबे मात्र मी माझ्या मनाने लावणार हं."

"लाव की," मी म्हटलं. "चुकलं तर सांगायला मी आहेच."