थर निम्मा, पाऊल चौथाई

नवरा गेल्यापासून चहा गरम आहे की गार, हेही मला कळत नाही. तरी कामावर येते, कारण घरी बसूनही तेच.

भट्टी किती निवली हे सांगणं माझं काम. विटांची भिंत हातभर जाड. संगणकावरच्या हिशोबात मी तिचे पातळ थर पाडते आणि शेजारच्या थरांवरून प्रत्येक थराचं पुढच्या क्षणाचं तापमान काढते. पंखा चालू आहे तोवर भिंत वरून गारच असते. गवंडी दुरुस्तीला आत जाताना पंखा बंद होतो आणि पोटातली धग वर येते. ती किती येईल यावर आत जायचं की नाही ते ठरतं. आज माझे दीर आत जाणार होते.

नीट दिसावं म्हणून मी थर निम्मे केले. थर निम्मा केला की वेळेचं पाऊल, म्हणजे हिशोब एका वेळी किती पुढे सरकतो ते, चौथाई करावं लागतं, नाहीतर आकडे भरकटतात. मी निम्मंच केलं. डोकं जागेवर असतं तर ना. पडद्यावर एक थर नऊशे अंश, शेजारचा उणे चार हजार. पुढच्या पावलाला चिन्हं उलटी आणि आकडे आणखी फुगलेले.

यावर आमच्याकडे एक इलाज आहे, कात्री. अशक्य आकडा आला की छाटून शक्य तेवढा करायचा. साहेबांनी छाटला. भिंत छान गार दिसू लागली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "सोडा त्यांना आत."

"हे खोटं आहे, साहेब. पाऊल लहान करून पुन्हा काढते. उत्तर उद्या सकाळी."

"तेवढ्यासाठी भट्टी अडवायची? गेल्या वेळीही मी कात्रीच लावली होती."

गेल्या वेळी आत माझा नवरा होता. साहेबांच्या ते बोलून झाल्यावर लक्षात आलं. मला काहीच वाटलं नाही. मी फोन उचलला.

"भावजी, आज आत जाऊ नका."

"वहिनी, साहेबांचा होकार आलाय. सगळे तयार बसलेत."

"त्यांचा आकडा चुकलाय."

दीरांनी विचारलं, "दादाच्या वेळीही चुकला होता का?"

साहेब समोरच उभे होते.

"हो," मी म्हणाले.

फोनवर दीर बाकीच्यांना सांगताना ऐकू आले, "उठा रे, आज कोणी आत जायचं नाही." साहेब खुर्ची ओढून बसले. आता मला रडू येईल असं वाटलं होतं. राग आला.