फाईलीला चढलेला रंग

फाईल बघायची तर काळ्या पडद्यावर एक जुनी आज्ञा द्यायची आणि पांढरी अक्षरं मुकाट वाचायची, ही आमच्या कोचीच्या ऑफिसातली रीत. मला ते बघवेना. म्हणून मी एक टूल लिहिलं. नावं निळी, आकडे केशरी, शेरे करडे. त्याचं नाव पूक्कळम, म्हणजे ओणमला दारात घालतात ती फुलांची रांगोळी. कुणी विचारलं नव्हतं, तरी टेबलोटेबली दाखवत फिरलो. कौतुक दोघांनीच केलं. मग बाकीच्यांवर उपकार म्हणून मी सर्व्हरवर अशी सोय करून टाकली, की जुनी आज्ञा दिली तरी धावेल माझंच टूल. हौसेला मोल नसतं, अक्कलही नसते.

ओणमच्या आदल्या दिवशी दुपारी हाउसबोटींच्या बुकिंगचा प्रोग्राम बंद पडला. म्हणे, सेटिंगची फाईल वाचता येत नाही. ती लिहिली होती शेजारच्या टेबलावरच्या रेश्मी चेचीने, म्हणजे रेश्मीताईने. तिला सहाच्या बसने कण्णूरला जायचं होतं. आजारातून उठलेले वडील यंदा तिच्या हातचं पायसम, म्हणजे ओणमची खीर, मागत होते. आमचे साहेब वर्गीस सर म्हणाले, प्रोग्राम सुरू झाल्याशिवाय जायचं नाही.

मी मदतीला धावलो, म्हणजे शहाणपण शिकवायला. पूक्कळममध्ये फाईल उघडली. काय देखणी दिसत होती! चेचीला म्हटलं, कुठेतरी कंस राहिला असेल, नीट मोजा. बिचारी मोजत बसली. पाच वाजले.

शेवटी तिने माझी सोय बाजूला सारून खरी जुनी आज्ञा दिली. अक्षरं तरीही निळी-केशरी.

"प्रसून," ती शांतपणे म्हणाली, "या आज्ञेला रंग कधीपासून यायला लागला?"

दोन फाईली जोडून नवी फाईल करायचं काम सर्व्हर त्याच आज्ञेने करतो, आणि चेचीची सेटिंगची फाईलही रोज तशीच जोडली जाते. आता त्या आज्ञेच्या जागी धावणाऱ्या माझ्या टूलने रंगाच्या खुणा थेट फाईलीतच लिहून ठेवल्या होत्या. पडदा त्या गिळतो आणि रंग दाखवतो. प्रोग्रामला मात्र तो नुसता कचरा. आणि मी तोच कचरा कौतुकाने बघत बसलो होतो.

चेचीने खुणा पुसल्या. प्रोग्राम चालू झाला. सरांनी विचारलं, अशा आणखी किती फाईली बिघडल्या असतील, आणि त्या कोण तपासणार?

"ज्याने फुलं टाकली तो झाडेल," चेची म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. तिला बस मिळाली.

ओणमच्या दिवशी दुपारी मी ऑफिसात एकटा एकेक फाईल पुसत होतो. त्रिशूरहून अम्माचा फोन आला. पान वाढून ठेवलंय, कुठे अडकलास? म्हटलं, कुणीतरी फाईली बिघडवल्यात, त्या साफ करतोय.

"मग ज्याने बिघडवल्या त्याला बसव ना."

"बसवलंय, अम्मा."